दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ: हिशेब नीट कसा करायचा

लंडनचा हीथ्रो ते न्यूयॉर्कचा जेएफके हे अंतर शोधून पाहा. एका ठिकाणी ५५४० किलोमीटर मिळेल, दुसरीकडे ५५५५, तिसरीकडे ३४५१ मैल, आणि चौथीकडे नुसतं ‘३०००’ लिहिलेलं असेल. वेळेचा गोंधळ त्याहून मोठा: जाताना पावणेआठ तास आणि येताना पावणेसात. यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि प्रश्न न बघता आकडा उचलला की पुढचं सगळं घसरतं.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेक चुका सूत्रात होत नाहीत. त्या सूत्राच्या आधी होतात, म्हणजे चुकीचा विमानतळ, चुकीचं चिन्ह, चुकीचं एकक. किंवा शेवटी घड्याळं लावताना होतात. हीथ्रो–जेएफके ही एकच जोडी जवळजवळ शेवटपर्यंत धरली आहे, म्हणजे कॅल्क्युलेटर हातात घेऊन प्रत्येक पायरी पडताळता येईल.

हाताशी हवं ते एवढंच: साइन-कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर, दोन्ही विमानतळांचे कोड, आणि प्रवासाची तारीख. अंतराला तारीख लागत नाही, वेळेला लागते. वारा ऋतूनुसार बदलतो आणि काही देशांतली घड्याळंही.

## टप्पा १: नक्की कोणतं अंतर आणि कोणता वेळ हवाय, ते आधी लिहून काढा

अंतराचे तीन प्रकार आहेत.

बृहद्‌वृत्तावरचं अंतर. पृथ्वीगोलावर दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरला तर तो जितका लांब भरेल तितकं. हे कधी बदलत नाही, म्हणून नियम आणि करार याच अंतरावर बोलतात. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम उशीर झालेल्या किंवा रद्द झालेल्या विमानाची भरपाई ठरवताना १५०० आणि ३५०० किलोमीटरच्या मर्यादा याच पद्धतीने मोजतो. विमान किती वळसा घालून गेलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मध्ये विमान बदललं तरी एकाच बुकिंगमधलं पहिलं ठिकाण आणि शेवटचं ठिकाण यांच्यामधलं थेट अंतर धरतात, तुकड्यांची बेरीज नव्हे.

प्रत्यक्ष उडालेलं अंतर. विमानाने खरोखर कापलेली वाट. हे दर दिवशी वेगळं असतं.

तुकड्यांची बेरीज. कनेक्टिंग प्रवासात प्रत्येक उड्डाणाचं अंतर वेगळं काढून केलेली बेरीज. एअरलाइनचे माइल्स, म्हणजे नेहमीच्या प्रवाशांना मिळणारे गुण, मोजताना बहुधा ही लागते.

वेळेचंही तसंच. चाकं धावपट्टी सोडतात तिथपासून पुन्हा टेकतात तिथपर्यंतचा हवेतला वेळ वेगळा, विमान गेटवरून हलतं तिथपासून दुसऱ्या गेटवर थांबतं तिथपर्यंतचा गेट ते गेट वेळ वेगळा, आणि दारापासून दारापर्यंतचा वेळ त्याहून वेगळा. तिकिटावर छापलेला वेळ गेट ते गेट असतो. विमानांचा माग दाखवणारी ॲप्स पुष्कळदा हवेतला वेळ दाखवतात. या दोहोंत अर्धा-पाऊण तासाचा फरक सहज पडतो, आणि ‘विमान वेळेआधी कसं पोचलं?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

## टप्पा २: विमानतळ नक्की करा, शहर नव्हे

‘लंडन ते न्यूयॉर्क’ ही माहिती अपुरी आहे. एलओएन आणि एनवायसी हे शहरांचे कोड आहेत, त्यांच्या पोटात कित्येक विमानतळ येतात. लंडनचे हीथ्रो (एलएचआर), गॅटविक (एलजीडब्ल्यू) आणि स्टॅनस्टेड (एसटीएन) एकमेकांपासून बरेच दूर आहेत. टोकियोचे हानेडा (एचएनडी) आणि नारिता (एनआरटी) यांच्यात सुमारे ६० किलोमीटर अंतर आहे. साडेपाच हजार किलोमीटरच्या हिशेबात हे ६० किलोमीटर दिसणारही नाहीत, पण कनेक्शनच्या हिशेबात तेच सगळा प्रवास बुडवतात.

त्याहून वाईट चूक म्हणजे सारख्या नावाची शहरं. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे (एसवायडी) आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही (वायक्यूवाय). सान होजे कॅलिफोर्नियात आहे (एसजेसी) आणि कोस्टा रिकात (एसजेओ). बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये (बीएचएक्स) आणि अमेरिकेत (बीएचएम). शोधयंत्र पहिलं नाव सुचवतं, आपण एंटर दाबतो, आणि तिथेच गाडी रुळावरून उतरते.

तीन अक्षरी कोड तिकिटावर असतो आणि चार अक्षरी कोड वैमानिक आणि हवाई नियंत्रक वापरतात. हीथ्रोचा एलएचआर आणि ईजीएलएल, जेएफकेचा जेएफके आणि केजेएफके. शक्य असेल तर दोन्ही लिहून ठेवा. चार अक्षरी कोडाची सुरुवात प्रदेशानुसार ठरते, त्यामुळे भलत्याच खंडातला विमानतळ घेतला असेल तर तो चटकन उघडा पडतो.

सावध: कोड तोच राहतो आणि विमानतळ हलतो, असंही घडतं. इस्तंबूलचा आयएसटी हा कोड एप्रिल २०१९ मध्ये जुन्या अतातुर्क विमानतळाकडून नव्या विमानतळाकडे गेला. हाँगकाँगचा एचकेजी १९९८ मध्ये काई ताककडून चेक लाप कोककडे गेला. जुनी यादी वापरलीत तर कोड बरोबर असेल आणि जागा चुकीची.

## टप्पा ३: अक्षांश-रेखांश घ्या आणि दशांशात आणा

दर देशाच्या अधिकृत वैमानिकी माहितीपत्रकात प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू दिलेला असतो. तो साधारणपणे धावपट्ट्यांच्या मधोमध असतो. टर्मिनलची इमारत किंवा पार्किंगचा पत्ता घेतला तर काही शे मीटर ते एखाद-दोन किलोमीटरचा फरक पडेल. लांबच्या प्रवासात तो सोडून द्यायला हरकत नाही. अक्षांशात ०.०१ अंशाची चूक म्हणजे साधारण १.१ किलोमीटर, एवढं लक्षात ठेवलं की कुठे काटेकोर व्हायचं आणि कुठे नाही हे आपोआप कळतं.

खरी चूक होते ती अंश-मिनिटं-सेकंद दशांशात आणताना. अधिकृत पत्रकात आकडे चिकटवून लिहिलेले असतात. ५१२८१२ असं दिसलं तर ते ५१ अंश २८ मिनिटं १२ सेकंद असतं. त्याचं दशांश रूप असं:

५१ + (२८ ÷ ६०) + (१२ ÷ ३६००) = ५१.४७००

घाईत लोक सरळ ५१.२८१२ लिहितात. आकडा दिसायला अगदी ठीक वाटतो, पण तो २१ किलोमीटरने चुकलेला असतो.

आपल्या जोडीसाठी हे आकडे घेऊ:

हीथ्रो: अक्षांश ५१.४७००, रेखांश −०.४५४३
जेएफके: अक्षांश ४०.६४१३, रेखांश −७३.७७८१

उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे. दोन्ही विमानतळ ग्रिनिचच्या पश्चिमेला असल्यामुळे दोन्ही रेखांश उणे आहेत.

सावध: इथे एक चूक अशी आहे की ती उत्तर बघून सापडत नाही. जेएफकेच्या रेखांशाचं उणे चिन्ह विसरून +७३.७७८१ लिहिलं तर बिंदू न्यूयॉर्कमध्ये न पडता किर्गिझस्तानात, ओश शहराच्या पूर्वेला पडतो. आणि उत्तर येतं सुमारे ५६०० किलोमीटर! खऱ्या उत्तरापेक्षा अवघे ६० किलोमीटर जास्त. आकडा पटण्याजोगा आहे म्हणून कुणी शंकाही घेत नाही, कारण हीथ्रो जवळपास शून्य रेखांशावर आहे आणि पूर्वेला तितकंच गेलं काय, पश्चिमेला गेलं काय, अंतर सारखंच. म्हणून दोन्ही बिंदू नकाशावर टाकून डोळ्यांनी पाहा. ही तपासणी टाळू नका.

## टप्पा ४: बृहद्‌वृत्तावरचं अंतर काढा

कॅल्क्युलेटर आधी अंशांवर लावा. ३० चा साइन विचारा. ०.५ आला तर ठीक. −०.९८८ आला तर कॅल्क्युलेटर रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर आहे. स्प्रेडशीट नेहमी रेडियनच धरते, म्हणून तिथे प्रत्येक कोनाला आधी π (पाय, ३.१४१५९) ने गुणून १८० ने भागावं लागतं.

मग क्रमाने:

१. रेखांशांमधला फरक घ्या: ७३.७७८१ − ०.४५४३ = ७३.३२३८ अंश.

२. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.७८२२८ × ०.६५१३२ = ०.५०९५२.

३. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार करा: ०.६२२९३ × ०.७५८८० × ०.२८६९६ = ०.१३५६४.

४. दोन्ही मिळवा: ०.६४५१६.

५. हा कोसाइन कोणत्या कोनाचा, ते व्यस्त कोसाइनने काढा: ४९.८२ अंश.

६. १११.१९५ ने गुणा: सुमारे ५५४० किलोमीटर.

शेवटचा १११.१९५ हा आकडा ६३७१ किलोमीटर त्रिज्येच्या गोलावर एका अंशाची लांबी आहे. मधल्या पायऱ्यांत निदान पाच दशांश स्थळं ठेवा. दोन-तीन स्थळांवर आकडा तोडला तर शेवटी काही किलोमीटर इकडेतिकडे होतात. फार जवळच्या बिंदूंसाठी हॅवरसाइन सूत्र जास्त स्थिर असतं, पण दोन विमानतळांसाठी वरची पद्धत पुरते.

मग ५५५५ कुठून आला? पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६३७८.१३७ किलोमीटर आहे आणि ध्रुवांकडे ६३५६.७५२. हा चपटेपणा धरून गणित केलं की या जोडीसाठी साधारण १५ किलोमीटर वाढतात. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. कोणत्याही जोडीसाठी हा फरक फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास जातो. भरपाईची मर्यादा अगदी काठावर असेल तरच त्यात डोकं घाला.

सपाट नकाशावरचं गणित मात्र करू नका. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर धरून काटकोन त्रिकोणाचं सूत्र लावलं तर हीथ्रो–जेएफके ८२३० किलोमीटर येतं. उत्तरेकडे रेखावृत्तं जवळ येतात म्हणून मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने दुरुस्ती केली तरी ५७८० च्या घरात येतं, म्हणजे अजूनही २४० किलोमीटर जास्त. नकाशावर पट्टी ठेवून मोजणं हीसुद्धा हीच चूक आहे. न्यूयॉर्क लंडनच्या बरंच दक्षिणेला आहे, तरी सर्वांत जवळची वाट हीथ्रोहून २८८ अंशांच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेच्या १८ अंश उत्तरेला सुटते. विमानातल्या पडद्यावर वाट वरच्या बाजूला फुगलेली दिसते ती यामुळेच. ती वाट वाकडी नाही, नकाशा ताणलेला आहे.

तपासा:
- उत्तर २०,०१५ किलोमीटरपेक्षा जास्त आलं तर चूक नक्की. गोलावर याहून दूर काही असूच शकत नाही.
- अक्षांशांमधल्या फरकाला १११ ने गुणा. इथे १०.८३ × १११ = सुमारे १२००. अंतर याहून कमी येऊ शकत नाही.
- रेखांशांचा फरक १८० पेक्षा जास्त आला तर ३६० मधून वजा करा. टोकियो (१४०.४ पूर्व) ते लॉस एंजेलिस (११८.४ पश्चिम) हा फरक २५८.८ दिसतो, पण जवळची बाजू १०१.२ अंशांची आहे. वरचं सूत्र हे आपोआप सांभाळतं, हाताने केलेली पडताळणी सांभाळत नाही.

## टप्पा ५: एककं बदला, आणि आकड्यापुढे एकक लिहाच

५५४० किलोमीटर = ३४४२ साधे मैल = २९९१ नॉटिकल मैल. चपटेपणा धरून आलेले ५५५५ किलोमीटर असेच बदलले की सुरुवातीचे ३४५१ (साधे मैल) आणि ३००० (नॉटिकल मैल) साधारण तेवढेच मिळतात.

एक नॉटिकल मैल म्हणजे नेमके १.८५२ किलोमीटर, साधा मैल १.६०९३४४ किलोमीटर. विमानक्षेत्रात नुसतं ‘मैल’ म्हटलं की बहुधा नॉटिकल मैल असतात, आणि प्रवाशांच्या माइल्स योजनेत बहुधा साधे. २९९१ हे साधे मैल समजून किलोमीटर केले तर ४८१४ येतात. सव्वासातशे किलोमीटर वाऱ्यावर गेले!

वेगालाही हेच लागू. नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल. ४८० नॉट म्हणजे ताशी ८८९ किलोमीटर. अंतर किलोमीटरमध्ये आणि वेग नॉटमध्ये ठेवून भागाकार केला की जवळजवळ दुप्पट वेळ येतो.

## टप्पा ६: सरळ अंतरावर खऱ्या वाटेची भर घाला

विमान दोऱ्यावरून जात नाही. धावपट्टी वाऱ्याच्या दिशेनुसार निवडली जाते, ती उलट्या बाजूची असेल तर वळून यावं लागतं. गर्दीच्या विमानतळाजवळ रांग लागते. वाटेत ठरलेले मार्गबिंदू असतात. दोन इंजिनांच्या विमानाला समुद्रावर असताना पर्यायी विमानतळापासून ठरावीक मिनिटांच्या आतच राहावं लागतं. आणि मध्ये बंद आकाश असू शकतं.

किती भर घालायची? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, आपल्या कार्बन उत्सर्जनाच्या हिशेबात सरळ अंतर ५५० किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ५०, ५५० ते ५५०० असेल तर १०० आणि त्यापुढे १२५ किलोमीटर मिळवते. ही किमान भर समजा. वेळेच्या अंदाजासाठी लांबच्या मार्गाला ३ ते ५ टक्के धरणं मला जास्त भरवशाचं वाटतं. आपण ४ टक्के धरू: ५५४० × १.०४ = ५७६२ किलोमीटर.

उंचीची भर मात्र घालू नका. अकरा किलोमीटर उंचावरून गेल्याने या प्रवासात जेमतेम १० किलोमीटर वाढतात.

सावध: टक्केवारी उघड्या आकाशातच चालते. हेलसिंकी ते टोकियो सरळ अंतर सुमारे ७८०० किलोमीटर आहे. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश बंद झालं आणि तिथून साडेनऊ तासांच्या आसपास होणारा प्रवास १३ तासांच्या घरात गेला. दोन्ही ठिकाणं जागच्या जागी आहेत, वाट बदलली. अशा मार्गावर सूत्र बाजूला ठेवा आणि त्याच एअरलाइनचं चालू वेळापत्रक पाहा. दुसऱ्या देशाच्या एअरलाइनला तोच मार्ग खुला असू शकतो, म्हणून कोणाचंही वेळापत्रक उचलून चालत नाही.

## टप्पा ७: अंतरावरून गेट ते गेट वेळ काढा

या टप्प्यावर सगळ्यांत जास्त थांबा. ‘अंतर भागिले ९००’ एवढ्यावर हिशेब संपवणं ही सर्वांत जुनी चूक आहे.

क. विमानाचा वेग ठरवा. ए३२० किंवा ७३७ सारखी विमानं साधारण माक ०.७८ ने उडतात, ७७७ ०.८४ ने, ७८७ आणि ए३५० ०.८५ ने. पंख्यांचं एटीआर ७२ ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. माक म्हणजे ध्वनीच्या वेगाशी प्रमाण, आणि ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. जमिनीलगत १५ अंश सेल्सिअसला तो ताशी १२२५ किलोमीटर असतो, पण विमान उडतं तिथे उणे ५६ अंशांच्या आसपास तापमान असतं आणि ध्वनीचा वेग १०६२ पर्यंत उतरतो. ०.८४ ला १२२५ ने गुणलंत तर ताशी १०२९ असा भलताच वेग येतो. बरोबर गुणाकार ०.८४ × १०६२ = ८९२. आपण ८९० धरू.

ख. वारा धरा. मधल्या अक्षांशांत दोन्ही गोलार्धांत उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जास्त जोरात. जेट प्रवाहाच्या, म्हणजे या वाऱ्यांच्या सर्वांत वेगवान अरुंद पट्ट्याच्या, गाभ्यात ताशी ३०० किलोमीटरचा वेगही गाठला जातो. पूर्ण मार्गावर सरासरी परिणाम अर्थात त्याहून पुष्कळ कमी. उत्तर अटलांटिकवर हिवाळ्यासाठी ताशी ८० किलोमीटर हा चांगला कामचलाऊ आकडा आहे. पश्चिमेकडे जाताना तो वजा, पूर्वेकडे येताना अधिक:

हीथ्रो ते जेएफके: ५७६२ ÷ ८१० = ७ तास ७ मिनिटं
जेएफके ते हीथ्रो: ५७६२ ÷ ९७० = ५ तास ५६ मिनिटं

उत्तर-दक्षिण मार्गावर हा फरक फार कमी, विषुववृत्ताजवळ तर बऱ्याचदा नगण्य. सगळ्या मार्गांना सरसकट वारा लावू नका.

ग. चढण्या-उतरण्याचं नुकसान मिळवा. ३५,००० फुटांवर पोचायला २० ते २५ मिनिटं लागतात आणि उतरायला विमान साधारण २०० किलोमीटर आधीपासून सुरुवात करतं. पुष्कळ देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, ही वेगमर्यादा असते. हे सगळं धरून १५ मिनिटं मिळवा.

घ. जमिनीवरचा वेळ मिळवा. गेटपासून धावपट्टीपर्यंत १५ ते २० मिनिटं, उतरल्यावर ५ ते १०. मोठ्या, गजबजलेल्या विमानतळांवर दोन्ही मिळून ३० मिनिटं धरणं ठीक. संध्याकाळच्या गर्दीत नुसतं निघायलाच तेवढी लागू शकतात.

बेरीज: जाताना ७ तास ५२ मिनिटं, येताना ६ तास ४१ मिनिटं.

वेळापत्रकात यावर थोडी उशी ठेवलेली असते. कारण उघड आहे: ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत आलेलं विमान सहसा वेळेवर आलं असं मोजतात, आणि तो आकडा एअरलाइनला चांगला दिसायला हवा असतो. म्हणून तुमचं उत्तर तिकिटावरच्या वेळेपेक्षा १०-१५ मिनिटांनी कमी आलं तर ते चुकलेलं नाही.

तपासा: जाणं आणि येणं यांचा वेळ सारखाच आला असेल आणि मार्ग पूर्व-पश्चिम असेल, तर वारा विसरलात.

सावध: एखादा विक्रम ऐकून अंदाज बांधू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन एक बोइंग ७४७ जेएफकेहून हीथ्रोला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. वारा एवढा मोलाचा असतो हे त्यातून कळतं, पण तुमच्या प्रवासाचा वेळ कळत नाही.

छोट्या उड्डाणांना क, ख पेक्षा ग आणि घ महत्त्वाचे. ३०० किलोमीटर भागिले ८५० म्हणजे २१ मिनिटं, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात ५० किलोमीटरची भर, चढणं-उतरणं आणि जमिनीवरचा वेळ धरला की गेट ते गेट तास भरतो. कारण सोपं आहे: असं विमान सपाट उंचीवर पूर्ण वेगाने फार थोडा वेळ उडतं.

## टप्पा ८: घड्याळं जुळवा

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते. दोन स्थानिक वेळांची सरळ वजाबाकी करू नका. आधी दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर संदर्भासाठी धरल्या जाणाऱ्या एकाच प्रमाणवेळेत आणा, मग वजाबाकी करा.

जानेवारीत हीथ्रोहून ११:०० ला निघालात. तिथे हिवाळ्यात स्थानिक वेळ आणि यूटीसी एकच. ७ तास ५२ मिनिटं मिळवली की १८:५२ यूटीसी. न्यूयॉर्क हिवाळ्यात ५ तास मागे, म्हणून तिथे घड्याळात १३:५२. सरळ वजाबाकी केली असती तर प्रवास २ तास ५२ मिनिटांचा निघाला असता.

येताना जेएफकेहून रात्री २०:०० ला निघालात, तर यूटीसी दुसऱ्या दिवशीचे ०१:००. त्यात ६ तास ४१ मिनिटं. लंडनला सकाळी ०७:४१, तारीख दुसरी. तिकिटावर वेळेशेजारी बारीक ‘+१’ असतं ते हेच.

सावध: उन्हाळी वेळ सगळीकडे एकाच दिवशी लागू होत नाही. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटन आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात ५ ऐवजी ४ तासांचाच फरक असतो. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार या आठवड्यातही तेच. म्हणून ‘फरक पाच तासांचा’ असं पाठ करू नका, त्या तारखेचा फरक पाहा.

फरक नेहमी पूर्ण तासांत असतो असंही नाही. नेपाळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे. आणि मोठ्या देशांत देशाची नव्हे, विमानतळाच्या शहराची वेळ बघा.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तारीख उलटी जाताना दिसते. टोकियोहून १७:०० ला निघून लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी ११:०० ला पोचणारं विमान घ्या. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणून निघणं ०८:०० यूटीसी. लॉस एंजेलिस उन्हाळ्यात ७ तास मागे, म्हणून पोचणं १८:०० यूटीसी. प्रवास १० तासांचा, कागदावर मात्र निघण्याआधी सहा तास पोचल्यासारखा. यूटीसीतून गेलात तर वाररेषेचा वेगळा विचारच करावा लागत नाही.

तपासा: निघण्याची वेळ ००:०० ते ०२:०० च्या दरम्यान असेल तर तारीख पुन्हा वाचा. १५ तारखेच्या ००:१० चं विमान पकडायला १४ तारखेच्या संध्याकाळी विमानतळावर पोचावं लागतं. ही चूक शिकल्यासवरलेल्या, नेहमी फिरणाऱ्या लोकांचीही होते.

## टप्पा ९: थांबे आणि कनेक्शन धरून एकूण वेळ

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉन-स्टॉप’ एक नाहीत. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट क्रमांक एकच. मध्ये कुठेतरी ते विमान उतरू शकतं. नॉन-स्टॉप म्हणजे मध्ये कुठेच न उतरणारं. अंतर आणि वेळ काढण्याआधी थांब्यांचा रकाना उघडून पाहा. थांबा असेल तर टप्पा २ ते ८ प्रत्येक तुकड्यासाठी वेगळे करा.

निघण्याची छापील वेळ म्हणजे विमान गेटवरून हलण्याची वेळ. गेट त्याआधी १५-२० मिनिटं बंद होतं, काही ठिकाणी आणखी लवकर. कनेक्शन मोजताना ही मिनिटं वजा करायची राहून जातात. वरचंच उदाहरण घ्या: जेएफकेला १३:५२ ला पोचलात आणि पुढचं विमान १५:३० चं आहे. कागदावर ९८ मिनिटं. दार उघडून विमानातून बाहेर पडायला १५, पुढचं गेट बंद होण्याची २० वजा करा. उरली ६३. अमेरिकेत बाहेरून आलेल्या प्रवाशाला सहसा पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन करून, बॅगा ताब्यात घेऊन, पुन्हा सोपवून, सुरक्षा तपासणीतून जावं लागतं. हे सगळं त्या ६३ मिनिटांत बसवायचं, टर्मिनल बदलायचं असेल तर तेही त्यातच.

दोन्ही उड्डाणं एकाच बुकिंगमध्ये असतील तर त्या विमानतळाचा किमान कनेक्शन वेळ एअरलाइनने पाळलेला असतो, आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर पुढे पोचवण्याची जबाबदारी तिची असते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर त्यातलं काहीच मिळत नाही. तिथे शहरातले दोन वेगळे विमानतळ असतील तर रस्त्याचा वेळ आणि दुसऱ्या ठिकाणचा पूर्ण चेक-इन, आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी निदान ३ तास, हिशेबात घाला. हानेडाला उतरून नारिताहून पुढचं विमान असेल तर चार तासांचं अंतरही धोक्याचंच धरा.